एका कारखान्याचे सुतक

नोव्हेंबर महिना आपल्या ख्रिस्तसभेने मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. दोन तारखेला दफनभूमीत क्रुसाक्रुसापाशी मेणबत्त्या लागतात, मृतांची नावे वाचली जातात, आणि ज्यांचे नाव घेणारे मागे कोणी उरलेले नाही अशांसाठीही एक प्रार्थना म्हटली जाते. आमच्या शेजारच्या हिंदू बांधवांकडे सुतकाची आणि पितृपक्षाची आपली स्वतंत्र रीत आहे. दोन्हीकडे शोक माणसाचा केला जातो. वस्तू मोडली तर ती भंगारात जाते. तिच्यासाठी कोणी मेणबत्ती लावत नाही की तर्पण करत नाही.

तरीही एखादा जुना कारखाना बंद पडल्याची वार्ता आली की माणसे हळहळतात, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात एलेनव्हिल नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे श्रेड या नावाचे खिशातले चाकू तयार होत असत. श्रेड बंधूंनी १९०४ साली त्याच राज्यातील वॉल्डन येथे तो उद्योग सुरू केला होता. बाप मुलाला वयात आल्यावर जो चाकू देई, आणि मुलगा पुढे आपल्या मुलाला देई, तशा प्रकारचे हे चाकू. बरोबर शंभराव्या वर्षी, जुलै २००४ मध्ये, कारखान्याला टाळे लागले आणि सुमारे अडीचशे कामगार घरी गेले. पुढे ते नाव दुसऱ्या कंपनीने विकत घेतले. त्याच नावाचे चाकू आजही बाजारात मिळतात, परंतु ते चीनमध्ये तयार होतात. नाव राहिले, हात गेले. त्या चाकूंवर प्रेम करणारी माणसे या घटनेबद्दल आजही दुःखाने बोलतात आणि जुने चाकू जपून ठेवतात.

सातासमुद्रापलीकडच्या चाकूशी बुलडाणा जिल्ह्यातील आपल्या कुटुंबांचे काय नाते, असे वाचक विचारतील. नाते चाकूशी नसले तरी त्या हळहळीशी आहे. आपल्याही राज्यात असाच एक कारखाना थांबला. त्याने घडवलेल्या वस्तूवर आपल्या जिल्ह्यातील कित्येक घरांची चूल पेटत होती, आणि आपल्या धर्मग्रामांच्या कचेऱ्यांतही ती वस्तू वर्षानुवर्षे राबली. आम्ही बोलत आहोत गोदरेज कंपनीच्या टंकलेखन यंत्राविषयी.

आर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलपे करण्याचा उद्योग आरंभला. त्यांचे बंधू पिरोजशा यांनी तो वाढवला. तिजोऱ्या, कपाटे झाली. स्वातंत्र्यानंतर मात्र कंपनीने एक अवघड काम अंगावर घेतले. टंकलेखन यंत्र वरून साधे दिसते, पण त्यात शेकडो बारीक भाग एकमेकांच्या तालावर हलत असतात, आणि एका भागात केसाएवढा फरक पडला तरी अक्षर वाकडे उमटते. तोवर ही यंत्रे परदेशी कंपन्यांचीच असत. १९५५ साली गोदरेजने भारतीय बनावटीचे पहिले टंकलेखन यंत्र पूर्ण केले. त्या वर्षी आवडी येथे भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनात ते मांडले गेले, आणि पंडित नेहरूंना त्यात स्वतंत्र, उद्योगशील भारताचे चिन्ह दिसले, असे सांगतात.

१९५५ हे वर्ष आम्हाला आणखी दोन कारणांनी जवळचे वाटते. त्याच वर्षी नागपूरपासून वेगळा होऊन अमरावती धर्मप्रांत स्थापन झाला. आणि त्याच वर्षी एक मे रोजी परमगुरुस्वामी बारावे पायस यांनी कामगार संत योसेफ यांचा सण घोषित केला. जगभरचे श्रमिक ज्या दिवशी आपल्या हक्कांसाठी मिरवणुका काढत होते, त्याच दिवशी ख्रिस्तसभेने नाझरेथच्या सुताराला त्यांच्या मध्ये उभे केले. या तीन घटनांचा परस्परांशी संबंध नाही, हे आम्ही जाणतो. परंतु एक यंत्र, एक धर्मप्रांत आणि श्रमाचा एक सण एकाच वर्षी जन्माला यावेत, हा योग मनन करण्याजोगा खास आहे.

या यंत्राच्या पूर्वजांचा शोध घेऊ गेल्यास आपल्यासारख्यांना सुखद धक्का बसतो. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी इटलीतील पेलेग्रिनो तुर्री या गृहस्थाने एक लेखनयंत्र तयार केले. कॅरोलिना फान्तोनी ही सरदार घराण्यातील स्त्री अंध झाली होती, तिला आपली पत्रे आपणच लिहिता यावीत म्हणून. तिने त्या यंत्रावर लिहिलेली १८०८ सालापासूनची पत्रे आजही उपलब्ध आहेत. पुढे १८६१ साली ब्राझीलमधील एक कॅथोलिक धर्मगुरू, फादर फ्रान्सिस्को जुआंव दि आझेवेदो, यांनी लाकडाचे लेखनयंत्र बनवून प्रदर्शनात मांडले. त्यानंतर डेन्मार्कमध्ये रासमुस मॉलिंग-हॅन्सन या लुथरन पाळकांनी ‘लेखनगोल’ नावाचे यंत्र सिद्ध केले आणि १८७० साली त्याचे स्वामित्वहक्क घेतले. हे पाळक कोपनहेगनच्या मूकबधिरांच्या शाळेचे प्रमुख होते. गंमत अशी, की ईश्वराच्या मृत्यूची घोषणा करणारे जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे यांची दृष्टी मंदावली तेव्हा १८८२ मध्ये त्यांनी याच पाळकबुवांचे यंत्र वापरायला घेतले. ईश्वराशी भांडण असले तरी त्याच्या सेवकाच्या हातची वस्तू त्यांना चालली!

व्यापारी यश मात्र अमेरिकेतील ख्रिस्तोफर शोल्स यांच्या यंत्राला मिळाले. त्याचे स्वामित्वहक्क १८६८ चे, आणि ते बाजारात आणले १८७४ साली रेमिंग्टन यांनी. रेमिंग्टन हे बंदुका करणारे घराणे. तलवारी मोडून नांगराचे फाळ घडवण्याचे यशया संदेष्ट्याचे स्वप्न त्यांच्या कारखान्यात पूर्ण झाले असे म्हणता येणार नाही, कारण बंदुका होतच राहिल्या. तरी त्याच पोलादाच्या एका अंशाला अक्षरे फुटली, हेही काही थोडे नव्हे.

मराठी अक्षराला धातूत उतरायला किती काळ लागला, हे आपल्या समाजाने तरी विसरू नये. फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीच्या गोडीचे कौतुक करून ‘ख्रिस्तपुराण’ रचले. पण १६१६ साली ते राचोलला छापले गेले तेव्हा देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते, म्हणून मराठी ओव्यांना रोमन लिपीचा अंगरखा घालावा लागला. ज्या भाषेला एकेकाळी स्वतःच्या अक्षरांचे खिळे नव्हते, त्या भाषेची अक्षरे पुढे तालुक्याच्या गावी एका टेबलावर बसून कोणीही उमटवू लागला, हा प्रवास लहान नाही. १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्यकारभाराची भाषा ठरली आणि सरकारी कचेऱ्यांत मराठी यंत्रांची गरज वाढली.

देवनागरी अक्षरे त्या मोजक्या कळांवर बसवणे हे मोठे कौशल्याचे काम होते. स्वर, व्यंजने, मात्रा, जोडाक्षरे यांना पुरतील इतक्या कळा आणायच्या कोठून? म्हणून युक्ती अशी केली होती, की ख, घ, थ, ध, भ, श अशी अक्षरे पूर्ण नसतच. आधी अर्धे अक्षर उमटवायचे आणि त्याला काना जोडून पूर्ण करायचे. ‘शांती’ हा शब्द लिहायचा तर कान्याची कळ लागोपाठ दोनदा दाबावी लागे. एकदा श पुरा करण्यासाठी आणि एकदा त्याचा शा करण्यासाठी. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी उमटवायची, रफार मागून द्यायचा. काही कळा अशा, की त्या दाबल्या तरी कागद जागचा हलत नसे. अनुस्वार जागच्या जागी अक्षराच्या डोक्यावर बसे. टंकलेखक मंडळी तिला ‘डेड की’ म्हणत. बोटांना हे सारे न पाहता यावे लागे. शासकीय लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचा वेग हवा, ही अट ज्यांनी पूर्ण केली त्यांनाच त्या तीस शब्दांचे मोल ठाऊक.

आपल्या जिल्ह्याकडे पाहू. बुलडाणा, खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर अशा गावांत टंकलेखनाचे वर्ग होते. बहुधा एखाद्या माडीवरची लांबट खोली, भिंतीला लागून ओळीने मांडलेली यंत्रे, आणि सकाळी सहापासून तासातासाने बदलणाऱ्या तुकड्या. दहावी-बारावी झालेली मुलगी घरात बसून राहण्याऐवजी तेथे जाऊ शके, कारण ते शिक्षण स्वस्त होते आणि बापाच्या मनाला निर्धास्त वाटे असे होते. आपल्या धर्मग्रामांतील किती मुली त्या खोल्यांतून बाहेर पडून तहसीलात, बँकेत, शाळेच्या कचेरीत लागल्या, त्याची नोंद कोणी ठेवलेली नाही. पण रविवारी मिस्साला पुढच्या बाकांवर बसणाऱ्या आजच्या आज्यांमध्ये त्यांतल्या काही आम्हाला दिसतात. ज्यांच्या आई-वडिलांना अंगठा उठवावा लागत होता, त्यांच्या लेकी सरकारी कागदावर अक्षर उमटवू लागल्या. एका पिढीत घडलेला हा पालट त्या काळ्या-करड्या यंत्राच्या साहाय्याने झाला.

कचेरीच्या आवारात, निंबाच्या सावलीत, दुसरे एक जग असे. एक लाकडी टेबल, वर छत्री, टेबलावर यंत्र, बाजूला मुद्रांक विक्रेता आणि अर्जनवीस. शेताच्या बांधाचा वाद, वारसाची नोंद, पोटगीचा अर्ज, विहिरीच्या कर्जाची विनंती, बदलीची विनवणी, सारे त्या टेबलावरून जाई. तीन प्रती काढायच्या तर कागदांच्या मध्ये दोन कार्बन घालायचे आणि कळ जरा जोराने मारायची. ओळ संपत आली की घंटी वाजे, हात सरपट्टीला जाई, आणि गाडी पुन्हा उजवीकडे सरके.

धर्मग्रामाच्या कचेरीतही हेच यंत्र. स्नानसंस्काराचा दाखला, विवाहपूर्व घोषणा, बिशप महोदयांना पाठवायचा वार्षिक अहवाल, शाळेचा पत्रव्यवहार. नाताळ जवळ आला की गीतांच्या स्टेन्सिल कापायच्या. त्या वेळी रिबन बाजूला करून उघड्या खिळ्यांनीच मेणकागदावर अक्षर कोरायचे असते, आणि मग सायक्लोस्टाईलच्या शाईने हात काळे करून घ्यायचे असतात. एक अक्षर चुकले तर लाल द्रव लावून वाळण्याची वाट पाहायची. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, पण शब्द कागदावर जाण्यापूर्वी मनात पूर्ण झाला पाहिजे, हा धडा आम्हाला या यंत्राने दिला.

नव्वदच्या दशकाच्या आरंभी गोदरेजची वर्षाला पन्नास हजारांच्या घरात यंत्रे तयार होत होती. नंतर संगणक आला, आणि २००० नंतर उतार इतका तीव्र झाला की इतर उत्पादक एकामागून एक दूर झाले. अखेरच्या काळात सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे वर्षाला दहा-बारा हजार यंत्रे होत. २००९ मध्ये उत्पादन थांबले. एप्रिल २०११ मध्ये उरलेल्या काही शे यंत्रांची बातमी प्रसिद्ध झाली. त्यांतली बहुतेक अरबी लिपीची होती, असे तेव्हा सांगण्यात आले. जगातला शेवटचा टंकलेखन यंत्राचा कारखाना बंद झाला, अशी हाकाटी परदेशी वृत्तपत्रांनीही केली. ती खरी नव्हती, कारण इतरत्र थोडीफार यंत्रे अजून होत होती. परंतु आपल्या देशापुरता एक अध्याय संपला, हे खरे होते. पुढे २०१७ मध्ये महाराष्ट्रात यंत्रावरची शासकीय टंकलेखन परीक्षाही थांबली आणि तिची जागा संगणकावरच्या परीक्षेने घेतली.

शिरवळच्या बातमीने मुंबईत लेख लिहिले गेले. आमच्याकडे ती बातमी निराळ्या रूपाने आली. रिबन मिळेनाशी झाली. अकोल्याहून वर्षातून दोनदा एस.टी.ने एक वृद्ध मिस्त्री येत असत. खांद्याला पिशवी, पिशवीत तेलाची कुपी, बारीक पेचकस, खिळ्यांतली शाई काढायचा ब्रश. कचेरीतले यंत्र उघडून ते अर्धा दिवस बसत आणि जाताना चहा घेत. त्यांचे येणे बंद होण्यापूर्वी शेवटच्या खेपेला ते म्हणाले, “मशीन काई मरत नाई फादर, मानूसच थकते.” आम्ही त्या वाक्याचा अर्थ तेव्हा वयाशी जोडला. त्याचा दुसरा अर्थ आम्हाला आमच्याच धर्मग्रामातील एका गृहस्थांनी समजावून दिला.

हे काका तालुक्याच्या न्यायालयाबाहेर चाळीस वर्षे टंकलेखन करत होते. त्या टेबलावर त्यांनी तीन मुले वाढवली, एका मुलीला परिचारिका केली. न्यायालयाबाहेर संगणक आणि छपाईयंत्र घेऊन बसणाऱ्यांची दुकाने निघाली, तशी काकांकडची गर्दी ओसरली. आठवड्याला दहा कागद, मग चार, मग एखादा. शेवटी तोही नाही. तरी काका रोज सकाळी साडेनऊला डबा घेऊन घरून निघत आणि साडेपाचला परतत. हे असे वर्षभर चालले. घरी कोणी काही विचारू नये, म्हणून. दुपारी ते टेबलावर बसून डबा खात आणि यंत्र पुसून ठेवत. त्यांच्या पत्नीला हे ठाऊक होते. ती रोज डबा भरून देत होती, आणि तिनेही विचारले नाही.

हे त्यांनी आम्हाला पापनिवेदनाच्या वेळी नव्हे, तर चर्चच्या अंगणात बाकावर बसून सांगितले, म्हणूनच येथे लिहिता येते. त्यांच्या पश्चात कुटुंबाची संमतीही आम्ही घेतली आहे. ते म्हणाले, “फादर, चाळीस वर्षं लोकायचं दुःख माह्या बोटातून गेलं. आता लोकायचं दुःख तं तेवढंच हाय, पन बोटं रिकामी झाली.” पैशाचा प्रश्न मुलीच्या नोकरीने बराच सुटलेला होता. सुटत नव्हता तो दुसरा प्रश्न. सकाळी उठून आपण कोणासाठी निघायचे?

येथे कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे योग्य आहे, की हा शोक फसवा आहे. आज शेतकऱ्याचा मुलगा हातातल्या मोबाईलवर मराठीत अर्ज लिहितो. त्याला अर्धे अक्षर आणि काना जोडावा लागत नाही, आणि कोणाच्या टेबलापुढे उकिडवे बसावे लागत नाही. आपली पोटगीची व्यथा परक्या माणसाला मोठ्याने सांगण्याची लाज एखाद्या बाईला आता सोसावी लागत नाही. दृष्टी नसलेल्यांना आज संगणक वाचून दाखवतो आणि ते स्वतः लिहितात; तुर्रीने एका सरदारकन्येसाठी जे केले, ते आता गरिबाच्या घरातही होऊ शकते. हे त्रैमासिक तुमच्या हाती येते तेही संगणकावर जुळवून. एकेक खिळा वेचून पान उभे करणारे जुळारी आता नाहीत. यंत्र गेले म्हणून रडत बसणे म्हणजे मिसर देशातून सुटका झाल्यावर तिथल्या कांद्या-काकड्यांची आठवण काढण्यासारखे आहे. आम्हाला हे सारे मान्य आहे. धातूच्या त्या पेटीसाठी सुतक पाळण्याचे कारण नाही.

पण मग एलेनव्हिलच्या लोकांना चाकूचे दुःख का होते, आणि काका डबा घेऊन का निघत होते? या प्रश्नाचे उत्तर आम्हाला परमगुरुस्वामी संत दुसरे जॉन पॉल यांच्या ‘लाबोरेम एक्झेर्चेन्स’ या परिपत्रकात सापडले. तेराव्या लिओ यांनी कामगारांच्या हक्कांविषयी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ प्रसिद्ध केले. त्याला नव्वद वर्षे झाली त्या निमित्ताने, १९८१ साली, हे परिपत्रक निघाले. ते लिहिणाऱ्या परमगुरूंनी तारुण्यात दगडाच्या खाणीत आणि रसायनांच्या कारखान्यात काम केले होते, म्हणून त्यातील विचार पुस्तकी नाही. त्यांच्या मांडणीचे सार असे, की श्रमाला दोन बाजू असतात: काय तयार झाले ही एक, आणि ते कोणी तयार केले ही दुसरी. पहिली बदलत राहते; नांगर जातो, ट्रॅक्टर येतो. दुसरी बाजू मात्र श्रेष्ठ, कारण श्रम करताना माणूस वस्तू घडवतो तसा स्वतःलाही घडवत असतो. श्रमाचे मोल श्रमिकाच्या माणूसपणावरून ठरते.

हे ध्यानात घेतले की शोकाची जागा सापडते. कारखाना थांबतो तेव्हा बाजाराचा हिशेब पहिल्या बाजूचा असतो, आणि तो बहुधा बरोबर असतो. त्याची दुसरी बाजू कोणत्याही वहीत लिहिली जात नाही. केसाएवढा फरक बोटाने ओळखणारा शिरवळचा जुळणी कामगार, आवाजावरून बिघाड सांगणारा अकोल्याचा मिस्त्री, न पाहता ‘शांती’ लिहिणारे काका, यांच्या हातांत वर्षानुवर्षांच्या सरावाने जे ज्ञान साठले, ते कोणाच्याही वारसाहक्कात जात नाही. गोदरेज कंपनी बुडाली नाही. तिची कपाटे आणि शीतकपाटे आजही घरोघरी आहेत. श्रेडचे नाव तर विकत घेता आले. माणसाच्या हातातली कला मात्र विकतही घेता येत नाही आणि सांभाळायलाही कोणी येत नाही. शोक करायचा तो याचा, आणि तो माणसाचाच शोक आहे.

आणखी एक गोष्ट त्या यंत्राबरोबर गेली, ती म्हणजे दुरुस्तीची रीत. वस्तू पंचवीस-तीस वर्षे टिकावी, बिघडली तर उघडता यावी, भाग बदलता यावा, हे गृहीत धरून ती घडवलेली होती. म्हणून ती करणारा, दुरुस्त करणारा, आणि वापरणारा यांच्यात ओळख राहत होती. परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ मध्ये वापरून फेकण्याच्या संस्कृतीबद्दल जो इशारा दिला, त्यात वस्तू फेकण्याची सवय शेवटी माणसे फेकण्यापर्यंत पोहोचते हे त्यांनी ओळखले होते. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या परमगुरूंनी चौदावे लिओ हे नाव घेतले, आणि त्याचे कारण सांगताना तेराव्या लिओंचे व त्यांच्या परिपत्रकाचे स्मरण केले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या रूपाने दुसरी औद्योगिक क्रांती दारात उभी आहे, आणि तीत श्रमाची व माणसाची प्रतिष्ठा राखण्याचा प्रश्न आहे, असे ते म्हणाले. म्हणजे काकांचा प्रश्न आता आपल्या शिकलेल्या मुलांच्या दारी येणार आहे. संगणकावर बसून जे आज हिशेब लिहितात, भाषांतर करतात, पत्रे तयार करतात, त्यांच्याही टेबलावरचे कागद एक दिवस चारावर येतील. तेव्हा त्यांनी काय करावे? डबा घेऊन निघावे आणि घरी सांगू नये?

अशा वेळी धर्मग्राम कशासाठी असते, याचा विचार आपण करावा, असे आम्हाला वाटते. नवे काम मिळवून देणे नेहमी आपल्या हाती नसते. पण काम गेलेल्या माणसाला लपावे लागू नये, एवढे तर आपल्या हाती आहे. आमच्याकडे गेली काही वर्षे एक मेच्या मिस्सामध्ये अर्पणविधीच्या वेळी श्रमाची साधने वेदीपाशी आणली जातात. पूर्वी विळा, थापी, शिवणयंत्राचा पाय, खडू-फळा अशी चालू धंद्यांची साधने येत. आता आम्ही मुद्दाम थांबलेल्या धंद्यांचीही बोलावतो. कल्हईवाल्याचा भाता येतो, घड्याळजीचे भिंग येते, जुळाऱ्याची खिळ्यांची पेटी येते. आणि त्या त्या माणसाने दोन मिनिटे उभे राहून, आपण काय करत होतो आणि कसे करत होतो, हे मुलांना सांगायचे, अशी रीत घातली आहे. मुले सुरुवातीला हसतात. मग विचारू लागतात.

काकांनी त्या रीतीच्या पहिल्याच वर्षी आपले यंत्र आणले होते. दोघा तरुणांनी ते उचलून वेदीपाशी ठेवले. त्यानंतर त्यांना आम्ही धर्मग्रामाच्या जुन्या नोंदवह्यांचे काम दिले. जीर्ण पानांवरची लॅटिन आणि मोडके मराठी वळण वाचून दाखवायचे, आणि शेजारी बसलेल्या मुलीने ते संगणकात भरायचे. अक्षर लागत नसे तेथे काका वही उजेडात धरत, आणि चाळीस वर्षे कागदपत्रे पाहिलेला तो डोळा बहुधा अचूक ठरे. मोबदला थोडा होता, पण ते सकाळी साडेनऊला घरून निघत आणि कोठे निघालो ते सांगून निघत. १९५५ नंतरच्या वह्या त्यांनी पूर्ण केल्या. त्याआधीच्या दोन राहिल्या.

या नोव्हेंबरात दफनभूमीत त्यांचे नाव वाचले जाईल. वाचकांपैकी ज्यांच्या घरी माळ्यावर एखादे थांबलेले साधन असेल, यंत्र, भाता, करवत, चरखा, त्यांनी ते भंगारवाल्याला देण्यापूर्वी ज्याने ते चालवले त्या माणसाचे नाव, गाव आणि काम एका कागदावर लिहून आपल्या धर्मग्रामाच्या कचेरीत आणून द्यावे, एवढी विनंती. साधन ठेवायला आपल्याकडे जागा नसेल. नावासाठी वहीत एक ओळ पुरते.